जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी

दीड लाख किलोमीटर धावलेली ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये टाकल्यावर क्षणभर रेंगाळू लागली, की गॅरेजमध्ये बहुधा एकच वाक्य कानी पडते : 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' कधीकधी ते खरेही असते. मात्र गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे निदान नव्हे. त्याआधी करण्याजोग्या बऱ्याच तपासण्या गाडीच्या मालकाला स्वतःच, एखाद्या रविवारच्या सकाळी, करता येतात.

आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच शब्दाखाली टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोहोचवणारा), सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी अशा चार निरनिराळ्या यंत्रणा येतात, त्यामुळे आपल्या गाडीत यांपैकी काय आहे ते माहितीपुस्तिकेत आधी पाहून घ्यावे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर घराघरांत पोहोचलेली एएमटी ही मुळात साधा हाताचा गिअरबॉक्सच असते; फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. तिची तक्रार बहुतेक वेळा क्लचप्लेटची झीज किंवा ते यंत्र यांच्याशी निगडित असते. पुढील विवेचन टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांपुरते आहे.

तक्रार नेमकी केव्हा येते, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवावे. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावरच गिअर उशिरा पडत असेल आणि नंतर दिवसभर सारे सुरळीत असेल, तर रात्रभरात कन्व्हर्टरमधील ऑइल खाली उतरले आहे किंवा आतील रबरी सील कडक झाले आहेत, असा संशय घेता येतो. याउलट गाडी थंड असताना उत्तम चालते आणि घाट चढून तापली की गिअर घसरू लागतो, म्हणजे इंजिन फिरते पण ओढ मिळत नाही, तेव्हा पातळ झालेले ऑइल झिजलेल्या सीलमधून निसटून दाब कमी पडत असण्याची शक्यता मोठी असते. वळणावर किंवा चढावरच गाडी ओढ सोडत असेल, तर आधी ऑइलची पातळी पाहावी. ऑइल कमी असले की अशा वेळी पंप हवा ओढतो.

ऑइल तपासण्याची रीत प्रत्येक गाडीत सारखी नसते. बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागी उभी करून, गिअरबॉक्स पुरेसा तापल्यावर, सगळे गिअर एकदा फिरवून, 'पी'मध्ये इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहतात. काही गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्याबरोबर पाहावी लागते. अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिकच (पातळी पाहण्याची पट्टी) नसते आणि ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट उघडून पातळी पाहावी लागते, ते काम गॅरेजवर सोडावे. डिपस्टिक असल्यास एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर पाडून दहा मिनिटे तसाच राहू द्यावा. लालसर किंवा फिकट तपकिरी डाग एकसारखा पसरला, तर चिंता नाही. डाग गडद असून मध्यभागी काळे कण साचले आणि घाट उतरताना तापलेल्या ब्रेकला येतो तसा जळका वास आला, तर आतील क्लचप्लेटा जळू लागल्या आहेत. ऑइल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे गुलाबी आणि दुधाळ दिसले, तर गाडी जागची हलवू नये. रेडिएटरमधील, गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारा कूलर फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळले आहे, आणि त्या पाण्याने क्लचप्लेटांवरील अस्तर सुटते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर हवेच्या नळीतून पाणी शिरूनही असेच होऊ शकते.

यानंतर रस्त्यावरची चाचणी. वीसेक मिनिटे गाडी चालवून, मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने वेग वाढवत आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्यावे. वरचा गिअर पडताना काटा खाली यायला हवा. तो आधी वर उसळून मग खाली येत असेल, तर त्या गिअरचा क्लच घसरतो आहे. ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या स्थिर वेगात रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर मागे वाहन नाही याची खात्री करून, उजवा पाय आहे तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करावा. ब्रेकचा स्विच लागताच कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली, तर दोष त्या क्लचकडे किंवा जुन्या ऑइलकडे बोट दाखवतो. थांबली नाही, तर स्पार्क प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर तपासावेत.

'आर'मधून 'डी'मध्ये टाकताना धप्पकन धक्का बसतो, त्यालाही दरवेळी गिअरबॉक्स जबाबदार नसतो. माझ्याच गाडीतील असा धक्का चार महिने गिअरबॉक्सच्या नावावर खपला, आणि शेवटी निघाले फाटलेले माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार. बॉनेट उघडून, एकाने फूटब्रेक आणि हँडब्रेक घट्ट धरून गिअर बदलावा आणि दुसऱ्याने गाडीसमोर न उभे राहता बाजूने पाहावे. इंजिन उडी मारल्यासारखे उचलले गेले, तर माउंटिंग बदलावे.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून मंद चालू लागली असेल, तर संगणकाने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी तसे केलेले असते. स्कॅनर लावून कोड पुसण्याआधी ते लिहून घ्यावेत. पी०७०० हा कोड फक्त 'गिअरबॉक्सच्या संगणकात काही नोंद आहे' एवढेच सांगतो, खरा धागा त्याच्या जोडीच्या कोडमध्ये असतो : पी०७१५ आतल्या वेगमापक सेन्सरकडे नेतो, पी०७३० गिअरचे प्रमाण चुकल्याचे, तर पी०७४१ लॉकअप लागत नसल्याचे सांगतो. त्याआधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर पाहायला विसरू नये, कारण अशक्त बॅटरी भलतेच कोड आणते.

इतके झाल्यावरही शंका उरली, तर मेकॅनिकला खालचा ऑइल पॅन आपल्यासमोर उघडायला सांगावे. आतील चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे जुन्या गाडीत स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारा धातूचा चुरा किंवा क्लचप्लेटचे तुकडे सापडले, तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. चुंबक स्वच्छ आणि तक्रार एखाद्याच गिअरपुरती असेल, तर दोष सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणारी झडप) किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब गिअरांकडे वळवणारा झडपांचा संच) असू शकतो आणि अनेक गाड्यांत ते काम गिअरबॉक्स न उतरवता होते.

जुने ऑइल बदलावे की नाही, यावर गॅरेजांत बरेच वाद रंगतात. माझ्या मते यंत्राने दाब देऊन धुण्याच्या फंदात पडू नये. पॅनमधील ऑइल काढून, उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे तेवढेच भरावे. एका वेळी निम्मे किंवा त्याहून कमीच बदलले जाते, म्हणून काही शे किलोमीटरनंतर तेच पुन्हा करावे. 'नवे ऑइल घातले आणि गिअरबॉक्स गेला' या कहाण्यांतील गिअरबॉक्स बहुधा आधीच घसरत असतो.

आणि ओव्हरहॉल करायचाच ठरला, तर कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन किंवा बदलून मगच दुरुस्त गिअरबॉक्स चढवावा, आणि हे अंदाजपत्रकात लेखी घ्यावे; नाहीतर कूलरमध्ये अडकलेला जुना चुरा नव्या क्लचप्लेटांमध्ये परत येतो.