दहावीतलं पोरगं, मोबाईल आणि झोप
आमच्याकडे रोज रात्री साडेअकराला तेच, "ठेव तो फोन" आणि मग दार आपटणं. थोरलीचं झालं, आता धाकटा दहावीत आहे, तर जे खरंच कामी आलं ते सांगते.

१३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे पोरगं दहाला झोपत नाही तो आळस किंवा उर्मटपणा नाही, हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. फोन हिसकावू नका. हॉलमध्ये चार्जिंगची एक जागा ठरवा आणि साडेदहाला सगळ्यांचे फोन तिथे, बाबांचा पण, आपणच रील्स बघत बसलो तर पोरं ऐकणार कशी? उठवायला साधं गजराचं घड्याळ आणा.

बोलायचं असेल तर समोर बसवून नाही, स्कूटरवर क्लासला सोडताना किंवा मटार सोलताना बोला, नजरेला नजर नसली की ती जास्त मोकळी होतात. तिथे मार्कांचा विषय काढू नका प्लीज.

आणि दोन आठवडे सलग जेवण-झोप बिघडली, मित्र तोडले, किंवा एकदा जरी "मी नसलेलंच बरं" म्हणाला तर वयाचं आहे म्हणून सोडू नका, जीव द्यावासा वाटतो का हे थेट विचारा, विचारल्याने तसं डोक्यात येत नाही, एकटं ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत पण बोलतात.