रस्त्यासाठी प्राधिकरणाकडे निधी मागताना : नव्या नगरपरिषद अभियंत्यांसाठी

नगरपरिषद राज्यसेवेत स्थापत्य अभियंता म्हणून रुजू झालात आणि शहर महानगर प्रदेशात मोडत असेल, तर विकास प्राधिकरणाकडे रस्त्यासाठी निधी मागण्याची फाईल लवकरच तुमच्याकडे येईल. अंदाजपत्रक, दरसूची, सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता यांचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे असे धरूनच मी लिहीत आहे. तो भाग अवघड नाही. दोन प्रस्ताव हाताखालून गेले की अंगवळणी पडतो. प्रस्ताव अडतो तो जागेच्या कागदांवर. मीही तिथेच अडकलो होतो, आणि त्याचा त्रास अजून आठवतो, म्हणून त्याच मुद्द्यावर सविस्तर लिहितो.

त्याआधी एक गोष्ट थोडक्यात. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ मध्ये आणि पुण्याचे २०१५ मध्ये स्थापन झाले, ते संपूर्ण प्रदेशाचा विचार करण्यासाठी. त्यामुळे ‘आमच्या शहरातील रस्ता खराब आहे’ हे कारण तिथे चालत नाही. तो विषय राज्याच्या नगरोत्थान महाभियानाचा किंवा जिल्हा नियोजन समितीचा. आपला रस्ता राज्यमार्गाला रेल्वे स्थानकाशी जोडतो किंवा शेजारच्या शहराची वाहतूक आपल्या बाजारपेठेतून बाहेर काढतो, हे आकड्यांनी दाखवावे लागते. वाहनगणना प्रकारवार करा, प्रवासी कार एककांत (प्रत्येक वाहन किती मोटारींइतके, या मापात) मांडा आणि पादचारीही मोजा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा भर वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यावर आहे, आणि भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. काटछेदात (रस्त्याच्या आडव्या छेदाच्या आकृतीत) तेवढी रुंदी दाखवली नसेल, तर छाननीत पहिला शेरा तिथेच पडतो.

आता मुख्य विषय. विकास आराखड्यात १८ मीटरचा रस्ता आखलेला आहे म्हणजे जागा नगरपरिषदेची आहे, असा नवख्या अभियंत्याचा समज असतो. आराखड्यातील रेघ हे केवळ आरक्षण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार ती जागा वाटाघाटीने मोबदला देऊन, हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा चटईक्षेत्र देऊन, अथवा सक्तीने संपादन करून घ्यावी लागते. शिवाय कलम १२७ विसरू नका : आराखडा अंमलात येऊन दहा वर्षे झाली, जागा घेतली गेली नाही आणि मालकाने खरेदी सूचना बजावली, तर २४ महिन्यांत हालचाल न केल्यास आरक्षण व्यपगत होते. म्हणजे तुमच्या नकाशावरील रस्त्याचा एखादा तुकडा कायद्याने आधीच संपलेला असू शकतो, आणि ती सूचना आवक-जावक विभागातल्या एखाद्या गठ्ठ्यात पडून असू शकते.

पण हेही तपासले तरी खरा फास पुढेच आहे. ताबा असतो, नोंद नसते. नगररचना विभागाच्या फाईलमध्ये मूळ मालकाच्या सहीची, पिवळी पडलेली ताबा पावती असते, विकास हक्क प्रमाणपत्राची प्रत असते, जागेवर खडीही अंथरलेली असते. मात्र सातबाऱ्यावर अजून त्याच मालकाचे, किंवा तो वारल्यावर त्याच्या वारसांचे नाव असते, आणि इतर हक्कांत एखाद्या पतसंस्थेचा बोजा असतो. छाननी करणारा अधिकारी आमची फाईल पाहत नाही, तो सातबारा पाहतो. प्रस्ताव एका ओळीच्या शेऱ्यासह परत येतो : ‘जागेच्या मालकीबाबत खुलासा सादर करावा.’ ही एक ओळ निस्तरायला अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, मग रस्त्याखालील क्षेत्र वेगळे काढण्यासाठी पोटहिस्सा आणि कमी-जास्त पत्रक (कोणत्या हिश्श्याचे क्षेत्र किती घटले-वाढले याचा तक्ता), मग तलाठ्याकडे फेरफार (मालकीबदलाची नोंद), हितसंबंधितांना नोटिसा, आणि एकाही वारसाने हरकत घेतली तर तक्रारी नोंद म्हणून सुनावणी. नगर भूमापन झालेल्या भागात गुंता आणखी वाढतो, कारण मिळकत पत्रिका (शहरी जागेचा मालकी अभिलेख) उघडली गेली तरी जुना सातबारा बंद झालेला नसतो आणि दोन्हींवर वेगवेगळी नावे आढळतात. मंजूर रेखांकनातील (लेआउटमधील) रस्तेही गृहीत धरू नका. विकासकाने ते हस्तांतरित करून दिल्याचा कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

म्हणून अंदाजपत्रकाला हात लावण्यापूर्वी संपूर्ण आखणीचा गटवार तक्ता करा : साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर), गट क्रमांक, बाधित क्षेत्र, अभिलेखातील नाव, जागा कोणत्या मार्गाने घेतली, फेरफार क्रमांक. ज्या रकान्यात फेरफार क्रमांक लिहिता येत नाही, ती जागा तुमची नाही असे समजा. अशा जागा थोड्या असतील तर प्रस्ताव टप्प्यांत विभागता येतो. फक्त पहिल्या टप्प्याची दोन्ही टोके चालू रस्त्यांना मिळायला हवीत, नाहीतर शेतात संपणाऱ्या रस्त्याला कोणी निधी देत नाही.

या टप्प्यावर कोणीतरी सुचवेल की मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने जागा ताब्यात असल्याचे प्रमाणपत्र जोडा, पुढचे पुढे बघू. हे करू नका. ती सही तुमच्या टिप्पणीवर होते, आणि लेखापरीक्षणात व न्यायालयात तुमचीच टिप्पणी मागवली जाते. कार्यादेश निघतो, ठेकेदार एखाद्या वारसाच्या कुंपणाशी येऊन थांबतो, खर्च न झाल्याने उपयोगिता प्रमाणपत्र देता येत नाही आणि पुढचा हप्ता अडतो. ओळखीने काम होते असे सांगणारेही भेटतील. ओळखीने फाईल लवकर उघडली जाते, सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही.

मार्गदर्शक निवडताना पदाकडे पाहू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या ताब्यांची खरी माहिती नगररचना विभागातील आरेखकाला आणि अभिलेख कक्षातील लिपिकाला असते. त्यांच्याजवळ निवांत बसा. सल्लागार नेमला असेल तर त्याच्या सविस्तर प्रकल्प अहवालाचे प्रत्येक पान स्वतः वाचा. दुसऱ्याच शहराची लोकसंख्या आणि नदी आपल्या अहवालात आलेली मी पाहिली आहे.

शेरा मारून परत आलेला प्रस्ताव म्हणजे नामंजूर प्रस्ताव नव्हे; पहिल्या फेरीत बहुतेक प्रस्ताव परत येतातच. मुद्देनिहाय, पुराव्याच्या पृष्ठ क्रमांकासह उत्तर पाठवले तर दुसऱ्या फेरीत प्रश्न कमी होतात. मात्र त्या दरम्यान नवी दरसूची लागू झाली आहे का ते पाहून अंदाजपत्रक सुधारून घ्या. विजेचे खांब आणि जलवाहिन्या हलवण्याचा खर्च त्यातच धरा. तो राहून गेला तर नगरपरिषदेच्या निधीतून करावा लागतो, आणि स्वहिश्श्याची (नगरपरिषदेने स्वतः घालायच्या वाट्याची) तरतूद आधीच केलेली असल्याने त्या लेखाशीर्षात सहसा काही उरलेले नसते.