क्रूझला एकट्यानं जायचं की सिंगल्स ग्रुपबरोबर?

क्रूझच्या जाहिरातीत छापलेला दर एका माणसाचा असतो, पण तो धरलेला असतो खोलीत दोघं राहणार म्हणून. एकटे गेलात की रिकाम्या पलंगाचं भाडंही तुम्हीच भरता. यालाच सिंगल सप्लिमेंट म्हणतात आणि बऱ्याच बोटींवर ते मूळ भाड्याच्या शंभर टक्के असतं. समजा, चार रात्रींचं भाडं माणशी ४०,००० रुपये आणि बंदर शुल्क व कर मिळून ९,००० रुपये आहेत. दोघांना प्रत्येकी ४९,००० पडतील, एकट्याला ८९,०००. कोणी ९८,००० सांगितले तर शुल्क आणि करही दोनदा लावलेत. ते माणसावर असतात, पलंगावर नाही. टिपचंही तसंच, माणशी रोजची एकच. त्यामुळे एकूण आकड्यावर होकार देऊ नका, भाडं, शुल्क आणि टिप यांची फोड लेखी मागा.

इथे बहुतेक लोक दोन प्रश्नांची सरमिसळ करतात. खोली कोणाबरोबर, हा एक प्रश्न. दिवसभर सोबत कोणाची, हा दुसरा. एजंट ‘एकटे’ आणि ‘ग्रुप’ (म्हणजे एकट्या प्रवाशांना जमवून नेणारी सहल) अशी दोनच पुडकी समोर ठेवतो, पण ग्रुपमध्ये जाऊन स्वतंत्र खोली घेता येते आणि एकट्यानं जाऊन रोज आठजणांच्या टेबलावर जेवताही येतं. झोप सावध असेल, घोरण्याचा त्रास होत असेल, पण संध्याकाळी गप्पांना माणसं हवी असतील, तर ‘ग्रुप आणि सिंगल खोली’ हाच तुमचा पर्याय. सप्लिमेंट तिथेही पडतं, हे मात्र धरून चाला.

काही बोटींवर एकट्यासाठीच बांधलेल्या खोल्या असतात. २०१० मध्ये आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’वर अशा १२८ स्टुडिओ केबिन होत्या. जेमतेम १०० चौरस फूट जागा, समुद्राकडे खिडकी नाही, असलेली गोल खिडकी मार्गिकेत उघडणारी. पण त्यांच्याबरोबर फक्त एकट्या प्रवाशांसाठी वेगळा लाउंज मिळतो आणि खरी किंमत त्या लाउंजची आहे. अशा खोल्या मोजक्याच असल्यानं लवकर संपतात. एक खबरदारी घ्या: स्टुडिओचा दर आणि साध्या आतल्या केबिनचा सप्लिमेंटसकट दर शेजारी शेजारी मांडून बघा. कधी कधी मोठी केबिन थोड्याच जास्त पैशांत मिळते.

आता सिंगल्स ग्रुप. ‘सिंगल्स’ म्हणजे लग्न जुळवण्याचा मेळावा, असा समज आहे. बहुतेक ग्रुपमध्ये विधवा, विधुर, घटस्फोटित, अविवाहित आणि ‘आमच्या ह्यांना फिरायची आवडच नाही’ म्हणणाऱ्या, असे सगळेच असतात. तरीही जाहिरातीतला वयोगट बघाच. तो लिहिलेला नसेल तर आत्तापर्यंत किती जणांनी नाव नोंदवलं आणि ते साधारण कोणत्या वयाचे, हे विचारा.

ग्रुपमध्ये स्वस्त पडतं ते ट्विन शेअरिंगमुळे, म्हणजे संयोजक तुम्हाला रूम पार्टनर शोधून देतो म्हणून. पैसे भरण्याआधी एवढं लेखी घ्या: पार्टनर मिळाला नाही तर सप्लिमेंट कोण भरणार? मिळालेल्या पार्टनरनं आयत्या वेळी रद्द केलं तर? काही संयोजक ‘गॅरंटीड शेअर’ देतात, म्हणजे दोन्ही वेळी भुर्दंड त्यांचा. काही नुसतं ‘प्रयत्न करू’ म्हणतात. त्या ‘प्रयत्ना’ची किंमत सप्लिमेंटएवढी असू शकते. शिवाय टूर मॅनेजर बोटीवर सोबत येणार की बंदरावर सोडून परत फिरणार, हेही विचारून घ्या.

पार्टनरशी फोनवर एकदा तरी बोला. झोपायची वेळ, एसी, घोरणं हे ओघानं येतंच. खरी भांडणं वेगळ्याच गोष्टींवरून होतात. बऱ्याच बोटींचा नियम आहे की एकानं दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढानंही घ्यायचं. तुम्ही दारूला शिवत नसाल आणि पार्टनरला रोज वाइन लागत असेल, तर हा खर्च आधीच मिटवायला हवा. बोटीवरचा सगळा खर्च खोलीच्या खात्यावर चढतो, म्हणून पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन दोघांची क्रेडिट कार्डं वेगवेगळी जोडून घ्या. नाहीतर पार्टनरच्या मसाजचं बिल तुमच्या कार्डावर येतं. पलंग जोडलेले आहेत की वेगळे, हे बुकिंगमध्येच सांगा. तिजोरी एकच असते आणि तिचा कोड दोघांना माहीत असतो, तेव्हा रोख रक्कम कुलूप लागणाऱ्या छोट्या पिशवीत ठेवून मग आत ठेवा.

एकट्यानं जात असाल तर दिवस कसा घालवायचा, याची काळजी नको. एकटेपण टोचतं ते रात्रीच्या जेवणाला. उपाय सोपा आहे: बुकिंग करतानाच ठरलेल्या वेळेचं जेवण आणि सहा किंवा आठजणांचं शेअर्ड टेबल मागा. ‘कधीही या’ हा पर्याय घेतलात तर रोज दारात उभं राहून ‘टेबल फॉर वन’ म्हणावं लागतं. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच नोंदवा. चढल्यावर ॲपमध्ये किंवा खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकात ‘सोलो ट्रॅव्हलर्स’ची भेट शोधा. ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी असते. ती चुकली तर गट आपापले जमून गेलेले असतात.

सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव, चुकवू नका. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या काही प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. बोटीवर मिळणाऱ्या तुमच्या कार्डावर जमायच्या जागेचा क्रमांक असतो. तिथपर्यंतचा जिना एकदा स्वतः चालून बघा, कारण हाताला धरून नेणारं बरोबर कोणी नसेल.

बंदरावर उतरलात की सर्वांत महागडी चूक वेळेची होते. बोटीची वेळ आणि गावातली वेळ यांत तासाचा फरक असू शकतो, म्हणून मनगटावर साधं घड्याळ घाला आणि ते बोटीच्या वेळेवर ठेवा. बोटीनं आयोजित केलेली सहल उशिरा परतली तर बोट थांबते, खासगी टॅक्सी अडकली तर थांबत नाही. ग्रुपमध्ये डोकी मोजली जातात, एकट्याची कोण मोजणार? परतायच्या वेळेच्या दीड तास आधी धक्क्यावर या. पासपोर्टची प्रत, बोटीच्या स्थानिक एजंटचा नंबर आणि थोडं स्थानिक चलन खिशात असू द्या.

व्हिसात एकट्यानं जाणाऱ्यांची आणि ग्रुपबरोबर जाणाऱ्यांची, दोघांचीही गफलत होते. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या फेरीत तुम्ही देशात दोनदा शिरता. बार्सिलोना किंवा रोमहून तुर्कस्तानला जाऊन परतणाऱ्या बोटीचंही तसंच, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे एकाहून जास्त वेळा शिरता येईल असाच, लागतो. विमा घेताना बोटीवरचे उपचार आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचा. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल सरळ खोलीच्या खात्यावर येतं.

बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन घ्या. पुढचं टोक सर्वांत जास्त हलतं. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्या. बीपीच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर कोणती चालेल, ते डॉक्टरांना मुंबई-पुण्यातच विचारून ठेवा. मोबाइल चढल्या चढल्या फ्लाइट मोडवर टाका. समुद्रातलं नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि बिल घरी गेल्यावर कळतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि सकाळचे कपडे, अगदी बुटांसकट, आधी बाजूला काढा. दर फेरीला कोणीतरी सगळं बॅगेत भरून मोकळं होतं आणि सकाळी नाइट ड्रेस आणि सपाता घालून इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहतं.