घरून डबे सुरू करताय? आधी स्वतःची मजुरी धरा

डोंबिवलीहून फोर्टला 11 वर्षं लोकल केली आणि दुसऱ्या मुलीच्या वेळी नोकरी सोडली, आता घरूनच डबे देते. बऱ्याच मैत्रिणी विचारतात की कसं सुरू करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट हिशोब. बाकी सगळं नंतर. मी सुरुवातीला 70 रुपयांना डबा देत होते, 4 पोळ्या, भाजी, वरण-भात. सामान, गॅस, पॅकिंग धरून 50 खर्च, म्हणजे डब्यामागे 20 सुटतात, 10 डबे म्हणजे रोजचे 200, खूश होते मी. मग एक दिवस घड्याळ लावून बघितलं तर भाजी आणण्यापासून ओटा पुसेपर्यंत 5 तास जात होते, म्हणजे तासाला 40 रुपये!! पोळ्या लाटायला मावशी लावल्या असत्या तर त्या एवढ्यात आल्याच नसत्या. भाव 90 केला, दोघं सोडून गेले, आणि उरलेल्या 8 डब्यांत रोजचे 320 सुटायला लागले, काम कमी होऊन. त्यामुळे आठवडाभर प्रत्येक तास वहीत लिहा आणि मगच भाव ठरवा. "घरीच तर असतेस" हे वाक्य कानाआड करायचं, सासूबाईंनी म्हटलं तरी.

दुसरं म्हणजे ॲडव्हान्स, महिन्याचे पैसे 1 तारखेलाच घ्यायचे. यात लाजायचं काही नाही. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचं काय व्हायचं माहितीये का, कामगार पगार झाल्यावर पैसे देणार, तोवर ह्या वाण्याकडून उधारीवर धान्य आणणार आणि व्याजातच बुडणार. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्या सावकाराच्या तावडीतून सुटायला लागल्या. आपण उधारी दिली की आपण पण त्याच रांगेत.

आणि क्यूआर कोड स्वतःच्या खात्याचा लावा बाई. माझा पहिले सहा महिने नवऱ्याच्या नावावर होता, तो काही वाईट नाही पण पैसे वीजबिलात, किराण्यात कुठे गेले कळलंच नाही.

कागदपत्रं फार नाहीत. छोट्या घरगुती कामाला एफएसएसएआयचं (म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं) साधं रजिस्ट्रेशन लागतं, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर घरबसल्या होतं, मी केलं तेव्हा वर्षाची फी 100 रुपये होती. 14 अंकी नंबर मिळतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ती तर फुकट आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका (मी दिले 😅). आणि घरचा 14.2 किलोचा सिलेंडर धंद्याला वापरायचा नसतो, कमर्शियल 19 किलोचा येतो, हिशोबात त्याचाच भाव धरा.

स्वयंपाकाचं तुम्हाला काय शिकवणार, पण डब्याचं गणित थोडं वेगळं असतं. किलोभर कणकेच्या माझ्या 33-35 पोळ्या होतात, तुमच्या किती होतात ते मोजून ठेवा. गरम पोळी लगेच डब्यात भरली की वाफ धरते आणि दुपारी चिकट लागते, म्हणून आधी जाळीवर किंवा कापडावर पसरायच्या. वर्तमानपत्रात नको, शाई लागते. भाज्यांचे वार ठरवून टाका, म्हणजे मटकी आदल्या दिवशी भिजत घालायची आठवण राहते आणि रोज रात्री "उद्या काय" हे डोक्यात फिरत नाही.

सुरुवात 5 डब्यांनी करा, ओळखीतल्या माणसांपासून, पण फुकट चव नाही द्यायची. रविवार बंद, गणपतीचे दिवस बंद, आणि महिन्यातून एक दिवस कारण न सांगता बंद, हे पैसे घेतानाच सांगून टाकायचं. माझ्या एकाही गिऱ्हाइकाने आजवर त्या दिवसाचं कारण विचारलेलं नाही, घरच्यांनी मात्र विचारलं.