मुलांच्या ‘का?’चं उत्तर लगेच देऊ नका

‘आई, चिमणीची शी चालतेय!’ सकाळी डबे भरायच्या गडबडीत माझी सहा वर्षांची लेक गॅलरीतून ओरडली. कढीपत्त्याच्या पानावर काळपट, मध्ये पांढरा डाग असलेलं काहीतरी खरंच सरकत होतं. ‘अळी आहे ती, आवर लवकर’ हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते तसंच गिळलं आणि विचारलं, ‘तुला कशावरून वाटलं शी आहे?’ पुढचे तीन आठवडे आमचं घर त्या कुंडीभोवती फिरत होतं.

मुलांना कुतूहल शिकवावं लागत नाही. ते असतंच. आपल्या घाईत ते विझू नये, एवढं मात्र पाहावं लागतं.

१. आधी तिचा अंदाज विचारा. ‘तुला काय वाटतं?’ हे तोंडी परीक्षेच्या सुरात विचारलं, तर मूल गप्प बसतं. खाली बसून, तिच्या शेजारी, ती बघतेय तिकडेच बघत विचारा. माझी लेक म्हणाली, ‘याचा पक्षी होणार.’ मी हसले नाही, दुरुस्तही केलं नाही; तो अंदाज तारखेसकट वहीत लिहून ठेवला. असे चुकलेले अंदाज पाहुण्यांना गंमत म्हणून सांगू नका. मुलं ते ऐकतात आणि पुढचा प्रश्न मनातच ठेवतात.

याला एक अपवाद आहे. प्रश्नामागे भीती किंवा दुःख असेल, ‘आजोबा परत येणार नाहीत का?’ असा प्रश्न असेल, तर उलट प्रश्न करू नका. जवळ घ्या आणि सरळ, खरं उत्तर द्या.

२. बघायची सोय करा. यात सगळ्यात जास्त वेळ घाला. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडं, आणि काही फुलपाखरं त्यांच्यावरच अंडी घालतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला हलकेच डिवचलं, तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदा बघा, पुन्हा पुन्हा डिवचू नका.

पारदर्शक बरणी घ्या आणि तोंडाला जाळीचं कापड बांधा. आत पाण्याच्या छोट्या बाटलीत कढीपत्त्याची डहाळी खोचा. बाटलीच्या तोंडाशी कापूस घट्ट बसवा, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. पानं औषध न मारलेलीच हवीत. रोज ताजी पानं घालणं आणि लेंड्या झाडणं हे काम मुलाचं. अळी खाणं सोडून भटकायला लागली, की एक काडी उभी ठेवा. ती तिथे कोष करते. साधारण आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू बाहेर येतं, तेव्हा त्याचे पंख चुरगळलेले असतात. ते वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

३. ‘मला माहीत नाही’ म्हणा. आमच्या दोन कोषांपैकी एकातून फुलपाखरू आलंच नाही. कोषाला बारीक भोक पडलं आणि मुंगीएवढे पंखवाले कीटक बाहेर आले. लेक रडवेली झाली. ‘हे कुठून आले?’ मलाही माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. मग आम्ही दोघींनी शोधलं: काही चिमुकल्या गांधीलमाश्या दुसऱ्याच्या कोषात अंडी घालतात. इथे मोबाइल कामी आला. पण तो शेवटी आला, आधी डोळ्यांनी पाहून झालं होतं.

४. बिघडलेल्या वस्तू फेकू नका. सेल काढलेलं गजराचं घड्याळ, बंद पडलेली टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि सुटे स्क्रू ठेवायला वाटी, एवढं पुरे. टीव्ही किंवा मायक्रोवेव्ह मात्र मुलांना उघडायला देऊ नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा भार राहू शकतो. महागड्या विज्ञान-पेट्यांची मला तरी गरज वाटत नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमितीचे आकार उभे करून दाखवले आहेत. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ फुकट मिळतात, मराठीतही.

५. आकाशाची एक तारीख ठरवा. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथे प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच लपते. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरी तारीख पावसाळ्यात येते आणि बहुतेकदा ढगांत जाते, म्हणून मे चुकवू नका. सपाट गच्चीवर बाटली उभी करा. बारापासून दर दहा मिनिटांनी खडूने सावलीचं टोक आखा. टोप्या आणि पाणी घेऊन जा.

पुण्यात साडेबाराच्या सुमारास आमच्या बाटलीची सावली नाहीशी झाली. लेकीने खडू हातात धरूनच विचारलं, ‘दिल्लीला मामाच्या बाटलीची पण गेली असेल?’ आम्ही मामाला फोन लावला. तो बिचारा भर उन्हात बाटली घेऊन गच्चीवर गेला आणि म्हणाला, ‘नाही गं, माझी आहे अजून. दोन बोटं.’ ती खडू टाकून पृथ्वीचा गोल आणायला खाली पळाली.