सारखा मुरगळणारा घोटा: चोळू नका, एका पायावर उभे राहा

घोटा एकदा जोरात मुरगळला आणि मग सपाट रस्त्यावरही दुमडायला लागला, तर तेल चोळून काही होत नाही. बाहेरच्या घोट्यासमोरचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा, लिगामेंट) सैल झालेला असतो. शिवाय पाऊल कसं पडतंय ही खबर मेंदूला नीट पोचत नाही. ती पोचवणं हेच खरं काम आहे.

ताजं मुरगळलं असेल तर बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. हाड ‘बसवून’ घ्यायला कुणाकडेही जाऊ नका.

सूज उतरली की रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, सावकाश सोडायचं. जोडीला टाचा उचलणं.

आता एका पायावर उभं राहणं. हे सगळ्यांना सोपं वाटतं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. अनवाणी, दाराच्या चौकटीजवळ उभे राहा. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्हीवर सारखा भार हवा. कमजोर घोट्याचा माणूस नकळत भार बाहेरच्या कडेवर टाकतो, अंगठ्याचं मूळ उचललं जातं आणि पाय तिथूनच दुमडतो. बोटांनी फरशी पकडू नका. गुडघा किंचित वाकलेला ठेवा. ताठ गुडघ्यावर तोल कमरेतून सावरला जातो, घोटा काहीच शिकत नाही.

पाऊल थरथरेल, बाहेरच्या घोट्यामागची शिरेसारखी दोरी नाचताना दिसेल. तेच हवंय, थांबू नका. मात्र टोचून दुखलं तर थांबा. अर्धा मिनिट स्थिर जमलं की डोळे मिटून करा. इथे बहुतेक जण दोन सेकंदांत पाय टेकवतात आणि कंटाळून सोडून देतात. कृपा करून सोडू नका. डोळे मिटूनही जमलं की डोळे उघडून, घडी केलेल्या गोधडीवर. रोज, निदान दीड-दोन महिने. दुखणं थांबलं म्हणून मध्येच बंद केलं की घोटा पुन्हा दगा देतो.

दिवसभर घरात घोट्याला आधाराचा पट्टा बांधून बसू नका. खेळताना आणि ट्रेकला लेसचा अँकल ब्रेस जरूर घाला. नुसत्या उंच बुटांच्या भरवशावर राहू नका.

राजगड असो की कळसूबाई, जपायचं ते उतरताना. दिवाळीनंतर वाळल्या गवताखाली सुटे दगड दिसत नाहीत आणि पाय थकलेले असतात. घसाऱ्यावर छोटी पावलं, गुडघे सैल, हातात काठी. गप्पा मारायच्या असतील तर थांबून मारा.

तीन महिने नेटाने करूनही घोटा निसटत असेल, सांध्यात खोल दुखत असेल किंवा अडकल्यासारखं होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. अस्थिबंध शस्त्रक्रियेने घट्ट करता येतो, पण त्यानंतरही हाच व्यायाम करावा लागतो.