मराठी वाटेल असा स्टॉक फोटो शोधायचा कसा

स्टॉक फोटो म्हणजे आधीच काढून साइटवर ठेवलेले, आपल्या कामात वापरायला मिळणारे तयार फोटो. अनस्प्लॅश नावाच्या फुकट फोटोंच्या साइटवर जाऊन इंग्रजीत 'इंडियन वेडिंग' टाकून बघा. लाल लेहंगे, घोडीवरचे नवरदेव, कोपरापर्यंत मेंदी, सगळं धो धो येतं, मुंडावळ्या आणि अंतरपाट मात्र स्क्रोल करत करत शोधावे लागतात. 'दिवाळी' टाकलं की पणत्यांच्या रांगा, आकाशकंदील क्वचित. 'इंडियन थाळी' टाकलं की नान आणि पनीर. मग माणूस कंटाळतो, त्यातलाच त्यातल्या त्यात बरा एक उचलतो आणि साताऱ्यातल्या मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत पंजाबी नवरी येऊन बसते.

दिवाळी अंक करत असाल, हौशी नाटकाचं पोस्टर, कोकणातल्या होमस्टेचं ब्रोशर, नाहीतर केटरिंगवाल्या काकूंचं इन्स्टा, अडचण सगळीकडे हीच येते. आणि ती सुटते बरं का, फक्त शोधायची पद्धत जरा बदलावी लागते.

सर्च बॉक्सला हात लावायच्या आधी दोन गोष्टी ठरवून टाका. एक म्हणजे फोटोवर मजकूर कुठे येणार. मुखपृष्ठ असेल तर वर अंकाचं नाव, खाली किंवा बाजूला दोन ओळी, म्हणजे तेवढी जागा फोटोत रिकामी हवी, आभाळ चालेल, भिंत चालेल, धूसर झालेलं मागचं काहीही चालेल. याला डिझायनर लोक कॉपी स्पेस म्हणतात, अ‍ॅडोबी स्टॉक या विकतच्या फोटोंच्या साइटवर तर कॉपी स्पेसचा वेगळा फिल्टरच आहे. कितीही देखणा फोटो असू दे, चारी कोपरे भरलेले असतील तर त्यावर अक्षर बसत नाही, मग लोक काळा पट्टा मारतात आणि फोटोचा जीव जातो. दुसरं, उभा हवा की आडवा. हे साइटच्या ओरिएंटेशन फिल्टरमध्ये आधीच लावून टाका, नाहीतर आडव्या फोटोच्या प्रेमात पडाल आणि उभा कापताना नवरदेव अर्धा जाईल.

आता शोधायचं कसं. या साइटी फोटो शोधून देतात त्या मुख्यतः टाकणाऱ्याने दिलेल्या टॅग आणि कॅप्शनवरून. म्हणजे दादरच्या बाजारात आकाशकंदिलांचा फोटो काढणारा माणूस बाहेरचा असेल तर तो 'आकाशकंदील' कशाला लिहील, तो लिहिणार लँटर्न, मार्केट, मुंबई, कलरफुल. तुम्हीही तेच टाका. वस्तूचं नाव, अधिक गावाचं नाव, अधिक जे नुसतं डोळ्याला दिसतंय ते. 'महाराष्ट्र फूड'ने काही लागलं नाही तर 'स्टीम्ड डंपलिंग, बनाना लीफ' टाकून बघा, उकडीचे मोदक कुणीतरी त्याच नावाने चढवलेले असू शकतात (मोमो पण येतील, ते सोडून द्या). मराठी शब्द इंग्रजी स्पेलिंगात दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, नौवारीचं नववारी, पैठणीचं सिल्क सारी, वारीचं पंढरपूर. आणि एक चांगला फोटो सापडला की त्या फोटोग्राफरच्या प्रोफाइलवर जा, हा माझा सगळ्यात आवडता रस्ता. ज्याने एक भोर घाटातला पावसाळा नीट टिपलाय त्याच्याकडे त्या बाजूचं अजून बरंच असतं, आणि एकाच माणसाचे फोटो घेतले की आतल्या पानांचा रंग-प्रकाशसुद्धा एकमेकांशी जुळतो.

कुठे शोधायचं? अनस्प्लॅश २०१३ मध्ये एका साध्या टम्ब्लर ब्लॉगवर दहा फोटोंनी सुरू झालं होतं, २०२१ पासून ते गेटी इमेजेसचं आहे. पेक्सेल्स आणि पिक्साबे या तशाच फुकटच्या साइटी २०१९ पासून कॅनव्हा या डिझाइन करायच्या साइटकडे आहेत. त्यामुळे होतं काय, की पहिल्या पानावर दिसणारा लोकप्रिय फोटो कॅनव्हावाल्यांनी, ब्लॉगवाल्यांनी, क्लासवाल्यांनी, सगळ्यांनी आधीच वापरलेला असतो. म्हणून पहिली दोन-तीन पानं सोडून खाली जा. आणि आवडलेला फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सोयींमध्ये टाकून बघा, किती ठिकाणी आलाय ते लगेच कळतं. आपल्या अंकाचं मुखपृष्ठ गावातल्या पतपेढीच्या बॅनरवर आधीच झळकलेलं असलं तर बरं दिसत नाही.

किल्ले, देवळं, लेणी, घाट, जुने वाडे, खाण्याचे पदार्थ यासाठी मात्र मी थेट विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या फोटोसंग्रहावर जाते. तिथे फोटो फार चकाचक नसतात पण ठिकाणाचं नाव बरोबर असतं, कॅटेगरी लावलेल्या असतात, राजगडाच्या नावाखाली रायगड येण्याची शक्यता कमी. एनसी म्हणजे 'धंद्यासाठी नाही' अशा लायसन्सचे फोटो कॉमन्सवर घेतच नाहीत, त्यामुळे तेवढी एक डोकेदुखी कमी. पण बहुतेक फोटोंना नाव देणं सक्तीचं असतं. फोटोखाली किंवा श्रेयनामावलीत 'छायाचित्र: अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०' एवढं लिहा, ऑनलाइन असेल तर लिंकही द्या. (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, ठरावीक अटींवर फोटो सगळ्यांना वापरू देणारं लायसन्स, आणि 'बाय' म्हणजे नाव द्यायची अट.) आणि त्या 'एसए'चा अर्थ असा की फोटोत बदल करून नवीन चित्र बनवलंत तर तेही त्याच लायसन्सखाली सोडावं लागतं. कंपनीचा लोगोबिगो त्यात गुंफणार असाल तर दुसरा फोटो बघा.

माणसांचे चेहरे हवे असतील, खासकरून डॉक्टर, बँक, शाळा असल्या कामांसाठी, तर सरळ पैसे मोजा. इमेजेसबझारसारखी साइट आहे जिथे चेहरे भारतीयच असतात, शटरस्टॉक, आयस्टॉक, अ‍ॅडोबीवरही बरंच आहे. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबीचं स्टँडर्ड लायसन्स ५ लाख प्रतींपर्यंत छापायला चालतं, आपल्या दिवाळी अंकांना तेवढं मिळालं तरी पेढे वाटू. टीशर्ट, कॉफी मग, कॅलेंडर विकायला काढणार असाल तर मात्र वरचं, महागडं लायसन्स लागतं.

पैसे का मोजायचे तर मॉडेल रिलीज. म्हणजे फोटोतल्या माणसाने लिहून दिलेली परवानगी. फुकटच्या साइटवर फोटोग्राफरने वापरायची परवानगी दिलेली असते, फोटोतल्या माणसाने दिलेली असेलच असं नाही. वारीतल्या एखाद्या आजींचा सुरकुत्यांचा सुंदर फोटो वारीवरच्या लेखाला लावणं वेगळं आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीला लावणं वेगळं. फोटोखाली 'एडिटोरियल यूज ओन्ली' दिसलं तर तो बातमीला, लेखाला चालतो, जाहिरातीला नाही, मग पैसे भरलेले असोत नसोत.

माणसांचंच नाही, इमारतींचंही असतं हे. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीचा ट्रेडमार्क घेतला, तेव्हा तुमच्या मसाल्याच्या पाकिटावर गेटवेच्या मागे ताजचा घुमट येत असेल तर विचार करा. आणि आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट, १९५० चा एक कायदा आहे बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा, त्याच्या यादीत राष्ट्रध्वज, राजमुद्रा यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधींचं नाव आणि चित्रही आहे, म्हणजे धंद्याच्या कामासाठी ते सरकारच्या परवानगीशिवाय वापरायचं नसतं. गल्लोगल्ली काय चालतं ते दिसतंच, पण तुम्ही क्लायंटला लेखी सांगून ठेवा.

जुने फोटो हवे असतील, जुनी गिरगाव चौपाटी, ट्राम वगैरे, तर भारतीय कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यानंतर तो सगळ्यांचा. पण प्रसिद्ध कधी झाला हे नीट कळायला हवं, 'जुना दिसतोय' एवढं पुरत नाही. आणि गूगल इमेजेसवर दिसला म्हणजे फुकट हे तर डोक्यातून काढूनच टाका. तिथे टूल्समध्ये युसेज राइट्स आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा आणि तरीही मूळ पानावर जाऊन लायसन्स वाचा. जाहिराती घेणाऱ्या अंकाने एनसीवाला फोटो टाळलेलाच बरा.

फोटो निवडला की तो १०० टक्के झूम करून कोपऱ्या-कोपऱ्यात फिरा. हल्ली एआयने बनवलेले फोटो सगळीकडे मिसळलेत, ओळखायची सोपी खूण म्हणजे मागच्या दुकानाची पाटी. देवनागरीसारखं काहीतरी दिसतं आणि वाचायला जावं तर एक अक्षर लागत नाही. मोदकाच्या कळ्या विचित्र, नथ हवेत लटकलेली, हाताची बोटं तर विचारूच नका. अ‍ॅडोबी स्टॉकवर एआय वगळायचा फिल्टर आहे, तो लावून ठेवा.

अजून एक, हे डिझायनरांनी खास वाचा. लेआउटमध्ये बसत नाही म्हणून फोटो आडवा फ्लिप, म्हणजे आरशात दिसतो तसा उलटा करायची सवय असते ना, ती आपल्याकडे महागात पडते. पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, नथ दुसऱ्या नाकपुडीत, आणि डाव्या सोंडेचा गणपती एका क्लिकमध्ये उजव्या सोंडेचा होतो. गणपतीच्या फोटोला हे करून बघाच एकदा, अंक बाजारात आल्यावर पहिला फोन त्याचाच येईल.

साइजचं थोडक्यात सांगते. छापायचं असेल तर इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे ए-फोर पानभर फोटोला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, कडेला कापायला ३ मिलिमीटर वेगळे. इन्स्टाच्या उभ्या पोस्टला १०८० बाय १३५० पुरे. फ्लेक्स लांबून बघतात त्यामुळे तिथे इंचाला कमी पिक्सेल चालतात, फ्लेक्सवाल्याला विचारा, तो त्याच्या मशीनचं सांगेल. डाउनलोड करताना मात्र 'ओरिजिनल' साइजच घ्या, लहान करणं आपल्या हातात असतं.

डाउनलोड केलात की लगेच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि लायसन्स दिसेल असा, आणि फोटोच्याच फोल्डरमध्ये टाका. साइटी नियम बदलतात, अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये जुनं सीसी-झीरो, म्हणजे कुठलीच अट नसलेलं लायसन्स, सोडून स्वतःचं लायसन्स आणलं, मग दोन वर्षांनी कुणी विचारलं तर आपण कधी आणि कुठल्या अटीवर घेतला होता हे दाखवता यायला हवं. फाइलचं नावही बदलून फोटोग्राफरचं नाव आणि साइट असं ठेवा, श्रेयनामावली करताना रात्री बारा वाजता शोधाशोध नको. आणि प्रेसला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं, आणि मग प्रेसवाले 'मॅडम, मोठा फोटो द्या' म्हणून फोन करत बसतात.